गालातला घास

ज्या वर्षी धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. पोटात दोन आहेत हे धाकटीला आणि तिच्या नवऱ्याला आधीपासून ठाऊक होतं, पण आईला चकित करायचं म्हणून दोघांनी चकार शब्द काढला नाही. आई शिवणकाम करणारी. तिने एका बाळापुरती झबली, टोपडी, दुपटी शिवून, इस्त्री करून पिशवीत भरून ठेवली होती. दोन झाल्याचा निरोप आला तेव्हा ती हसली नाही की रडली नाही. "मग आता एकाला उघडं ठेवायचं का?" एवढं म्हणाली आणि चष्मा शोधून मशीनवर बसली. नव्या झबल्याची एक बाही जोडून झाली. दुसरी जोडायला घेतली आणि तिचा उजवा हात चाकावरून घसरला. ती तशीच मशीनवर डोकं टेकून कलंडली. थोरल्या सुनेला वाटलं, डुलकी लागली असेल.

दवाखान्यातून आई परत आली ती उजवी बाजू आणि बोलणं तिथंच ठेवून. एक शब्द तेवढा तिच्याबरोबर घरी आला, 'बरं'. पाणी हवं का? बरं. दिवा मालवू का? बरं. दुखतंय का? बरं. जन्मभर जिने कुणाचं काही ऐकून घेतलं नव्हतं, ती आता सगळ्यालाच बरं म्हणत होती, आणि त्यातलं खरं कुठलं हे कुणाला कळत नव्हतं. पूर्वी ती ओठांत टाचण्या धरून बोलायची, आणि गिऱ्हाइकं म्हणायची की टाचणी परवडली पण हिचं बोलणं नको. आता तिच्यासमोर बसलं की वाटायचं, टाचून घ्यावं एकदा, पण तिने बोलावं.

सगळ्यात जास्त टोचून घेतलेलं होतं मधल्या मुलाने. त्याचं कामच तसं होतं. गावाबाहेर जंगलाच्या कडेला एक संशोधन केंद्र होतं. तिथल्या बाई माकडं बियांचं काय करतात याचा अभ्यास करत, आणि मधला त्यांच्या हाताखाली होता. सकाळी कळपामागे निघायचं, ती कुठल्या झाडावर काय खातात ते पाहायचं, आणि ती पुढं सरकली की खाली वाकून त्यांनी थुंकलेलं, टाकलेलं, हगलेलं सगळं पिशव्यांत भरून आणायचं. मग केंद्रातल्या मागच्या खोलीत नळाखाली चाळणीत धुवायचं, बिया निवडायच्या, वाळवायच्या. मधला काय करतो असं कुणी विचारलं की आई मशीन न थांबवता सांगायची, "माकडांचं खरकटं काढतो. घरात स्वतःचं ताट उचलत नाही."

पण ते काम मधल्याच्या अंगात मुरलं होतं. सगळी माकडं सारखी नसतात, हे तो घरी जेवताना सांगायचा. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची असतात ती पानं खाणारी. त्यांनी फळ घेतलं तर बी दाताखाली फोडून टाकतात, त्या बीचं तिथंच संपलं. बारीक बिया जवळपास सगळीच गिळतात, त्या दुसऱ्या दिवशी कुठंतरी लांब विष्ठेतून पडतात आणि तिथं रोपांचा झुपका उगवतो. आणि मातकट रंगाची, गालात पिशव्या असलेली जी असतात, त्यांची तऱ्हा निराळी. मोठ्या बीचं फळ मिळालं की ती तिथं खात बसत नाहीत. दोन्ही गाल फुगेपर्यंत भरतात आणि निघतात. दूर एखाद्या फांदीवर जाऊन मनगटाच्या मागच्या बाजूने गाल दाबतात, एकेक फळ पुढं आणतात, गर चोखून घेतात आणि बी स्वच्छ करून खाली थुंकतात.

त्या जंगलात पिवळ्या फळांचं एक झाड होतं. गर इतका चिकट की कामावरचे लोक त्या झाडाला चिकटं म्हणायचे. त्याचं फळ जसंच्या तसं खाली पडलं तर गराला बुरशी लागून बी कुजायचं. कुजलं नाही तरी मोठ्या झाडाच्या सावलीत उगवलेलं रोप वर्षभरात मरून जायचं. लांब नेऊन थुंकलेलं बी तेवढं धरायचं. म्हणजे चिकट्याचं पुढं काय होणार ते सगळं या माकडांच्या गालात होतं. हे ऐकून आई म्हणायची, "बघ, माकडाच्या थुंकीला सुद्धा काही किंमत आहे, नाहीतर तू." आणि वहिनी, थोरल्याची बायको, तोंडाला पदर लावून हसायची.

आता त्याच ताटाभोवती सगळे गप्प बसत. कारण आई गिळत नव्हती.

चमचा तोंडाजवळ नेला की ती तोंड उघडायची. कुस्करलेला बटाटा, केळं, दाट केलेली खीर, काहीही. तोंड मिटायचं, जबडा थोडा हलायचा, आणि मग सगळं थांबायचं. घास उजव्या गालात जाऊन बसायचा. तिथं तिला काही जाणवतच नाही, असं दवाखान्यातल्या परिचारिकेने सांगितलं होतं. तिने वहिनीला शिकवलंही होतं की आईंना सरळ ताठ बसवा, चमचा अर्धाच भरा, गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका, शेवटी बोट घालून गाल रिकामा करा, आणि खाताना एकटं सोडू नका. वहिनी सगळं तंतोतंत करायची. पण थोरला समोर उभा राहून "गिळ आई, गिळ ना" करायचा, आल्यागेल्या शेजारणी पलंगाशी वाकून बघायच्या, धाकटी एका बाळाला खांद्यावर थोपटत दुसऱ्याच्या रडण्यावर कान ठेवून यायची आणि डोळे पुसत जायची. आई या सगळ्यांकडं फुगल्या गालाने पाहत बसायची. वहिनी बोट घालायची तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची.

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली होती. आईने डाव्या हाताने ती उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. शेवटी डॉक्टर म्हणाले, की पुढच्या तपासणीला येईपर्यंत तोंडाने खाऊ लागल्या तर उत्तमच. नाही लागल्या तर नळी घालावी लागेल, आणि या वेळी हात पलंगाला बांधावे लागतील. त्यांचा आवाज वाईट नव्हता. रोज हेच सांगावं लागणाऱ्या माणसाचा होता.

मधल्याची नजर तिथं आईच्या हातांवर गेली. आईचे हात त्याने कधी रिकामे पाहिले नव्हते. झोपेत सुद्धा तिची बोटं चादरीची कड चाचपायची, शिलाई सरळ आहे का बघायची. ते हात बांधायचे. त्या दिवसापासून घरात त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. आई तपासणीपर्यंत खायला लागली पाहिजे, बास.

त्या दिवसांत चिकट्याला फळं होती. कळपात एक म्हातारी माकडीण होती. तिचे दात झिजलेले, म्हणून मधला तिला बोळकी म्हणायचा. झाडावर दांडगे नर, पोरं, सगळ्यांची झोंबाझोंबी चाललेली. बोळकी कडेकडेने यायची, हाताला येतील ती फळं गालात कोंबायची आणि कुणी धक्का द्यायच्या आत निघून जायची. त्या सकाळी मधला तिच्या मागोमाग गेला. ती एका खडकावर जाऊन पाठ करून बसली. आसपास कुणी नाही असं पाहून घेतलं. मग निवांत मनगटाने गाल दाबत, एकेक फळ पुढं आणत राहिली. घाई नाही, काही नाही. मधला झाडाआड उभा राहून बघत होता आणि त्याच्या डोळ्यांपुढं पलंगाभोवतीची गर्दी आली.

दुपारी चाळणी धुताना त्याने बाईंना विचारलं, की कुणी त्रास देणारं नसलं तर ही माकडं गाल भरून पळतात का? बाई म्हणाल्या, कमी. एकटी असली की पुष्कळदा तिथंच बसून खातात. का विचारताय, असं त्यांनी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाईंनी त्याला अडवलं असतं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुपारी घरी यायला सुरुवात केली. वहिनीला म्हणाला, "वहिनी, दुपारचं मी भरवतो. तुम्ही धाकटीकडं जा, तिला दोन हात कमी पडतात."

वहिनीने त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. "भाऊजी, तुम्हाला जमेल? एकटं सोडायचं नाही हां त्यांना."

"मी आहे ना."

तो होता, पण दाराबाहेर. त्याने आईला खुर्चीत ताठ बसवलं, खुर्ची तिच्या मशीनपाशी खिडकीकडं तोंड करून लावली, मशीनच्या पाटावर वाटी ठेवली, डाव्या हातात चमचा दिला. म्हणाला, "आई, कुणी बघत नाही. तुझ्या सवडीने खा." आई म्हणाली, "बरं." तो बाहेर गेला, दार लोटलं आणि ओट्यावर बसून राहिला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मधला आवाज मोजत राहिला.

आत गेला तेव्हा वाटी रिकामी होती. आईचं तोंड पुसलेलं होतं. गालात बोट घालून बघायचं त्याच्या मनात आलं, पण ते तिला आवडत नाही म्हणून त्याने नुसतं तोंड उघडायला सांगितलं. तोंड स्वच्छ. मधला तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला आणि पोरासारखा हसला. "कळलं मला," तो आईला म्हणाला, "तुला आमची तोंडं बघून घास उतरत नव्हता." आई म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी, तिसऱ्या दिवशीही. मधला वाटी भरत गेला, केळं घालत गेला, उकडलेलं अंडं कुस्करून घालत गेला. थोरला खूश झाला. शेजारणींना सांगत सुटला की मधल्याचा हात लागला आणि आई खायला लागली. धाकटी म्हणाली, "माकडांना माणसाळवणाऱ्याने आईला माणसाळवलं," आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात सगळे एकदम हसले. तपासणीच्या दिवशी थोरल्याने डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं, स्वतःच्या हाताने जेवते. डॉक्टर म्हणाले, वा. नळी लांबणीवर पडली.

वहिनी एकटी तेवढी समाधानी नव्हती. सकाळ-संध्याकाळ ती चमच्याने, ठसका लागू नये म्हणून दाट केलेलं पाणी, खीर भरवायची, तेव्हा गालात घास बसायचा तो बसायचाच. एकदा ती आईची वेणी घालता घालता म्हणाली, "खातात म्हणता, मग गाऊन खांद्यावरून का घसरतोय?" मधला म्हणाला, आजारपणात अंग धरायला वेळ लागतो. त्याचं त्यालाही ते पटलं. वहिनीने वेणीची गाठ मारली आणि विषय सोडला. रोज इतकी चांगली बातमी आणणाऱ्या दिराला खोटं पाडणं तिच्या जिवावर आलं असणार.

मुंग्यांनी सांगितलं शेवटी. रविवारी मधला मशीनखालची जागा झाडत होता, तर मुंग्यांची ओळ भिंतीवरून येऊन चिंध्यांच्या पेटीत शिरत होती. मशीनशी डाव्या हाताला असलेली ही पेटी आईची फार जुनी. कापून उरलेला प्रत्येक तुकडा ती त्यात टाकायची, आणि पोरं लहान असताना त्यातूनच बाहुल्या निघायच्या. त्याने वरच्या चिंध्या बाजूला केल्या. खाली पुरचुंड्या होत्या. लहान लहान, बोराएवढ्या. एका हाताने बांधलेल्या, म्हणून गाठ नाही, तर कडा आत दुमडून खोचलेल्या. एक उघडली, आत बटाटा. दुसरी, केळं काळं पडलेलं. फुलांच्या कापडातली, पट्ट्यांच्या कापडातली, झबल्याच्या मऊ कापडातली. खालच्या सुकून दगडासारख्या झाल्या होत्या. वास फारसा नव्हता. इतकं नीट गुंडाळलेलं होतं.

मधला जमिनीवर बसला तो उठेना. रोज जंगलात तो दुसरं काय करत होता? माकड फांदीवर बसलं की वर बघायचं आणि ते निघून गेलं की पहिलं खाली वाकायचं. त्याचं सगळं कामच खाली वाकून बघण्याचं होतं. बोळकी खडकावरून उठली तेव्हा त्या सकाळीही तो वाकला होता, आणि गर चोखलेल्या बिया ओंजळीत घेऊन आला होता. आणि घरात मात्र तो दाराबाहेर बसून चमच्याचा आवाज ऐकत राहिला.

आई खुर्चीतून त्याच्याकडं पाहत होती. उघडलेली पुरचुंडी तळहातावर घेऊन तो तिच्यापुढं गेला. रागवायचं होतं का रडायचं होतं त्याला कळेना. "आई, हे काय केलंस? खायचं नव्हतं का तुला? का जात नव्हतं?" तो विचारत होता. "जात नव्हतं तर मला सांगायचं..." आणि मग स्वतःच थांबला, कारण ती काय सांगणार होती.

"बरं," आई म्हणाली. तिने डाव्या हाताने त्याच्या तळहातावरचा तो कापडाचा तुकडा ओढून घेतला, मांडीवर ठेवला, त्याच्या कडा पुन्हा आत दुमडल्या आणि नीट खोचून त्याला परत दिला.

त्याने ते थोरल्याला सांगितलं. थोरला आधी ओरडला, मग खाली बसला, मग म्हणाला की मी डॉक्टरांपुढं कसा बोललो रे छाती ठोकून.  वहिनीने पेटी उचलून मागं नेली, पण रिकामी करताना कापडाचे तुकडे मात्र टाकले नाहीत. धुऊन दोरीवर वाळत घातले. खिडकीतून ते सगळे एका ओळीत हलताना दिसत होते, आणि मधल्याला तिकडं बघवत नव्हतं.

त्याच संध्याकाळी आईला खोकला सुरू झाला आणि अंग तापलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गिळताना अन्नपाणी छातीत गेलंय, थोडं थोडं बरेच दिवस जात असणार, आणि अंगात ताकद उरलेली नाही. मधल्याने त्यांना सगळं सांगितलं. त्याला वाटत होतं, कुणीतरी आता आपल्याला चांगलं झापावं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भरवणाऱ्यांच्या हातूनही छातीत जातं. नेमकं कशाने झालं, मला नाही सांगता यायचं." नळीबद्दल विचारायला ते आईकडं वाकले. नळी घालू का आजी? बरं. नको का? बरं. त्यांनी मुलांकडं पाहिलं, आणि मुलांनी एकमेकांकडं. थोरल्याने मान हलवली.

नळी घातली. हात बांधले.

बाई एकदा दवाखान्यात येऊन गेल्या. बाकावर मधल्याशेजारी बसल्या आणि त्याने पुरचुंड्यांचं सांगितलं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत तेव्हा मी माकडांचं सांगितलं. मला तेवढंच येतं." मधला म्हणाला, "मलाही तेवढंच येतं, बाई." उठताना त्यांनी सांगितलं की फळं संपत आलीत, घाई करू नका, जमेल तेव्हा या.

तो कुठंही गेला नाही. भेटीच्या वेळेत तो आत जायचा आणि आईच्या डाव्या मनगटाची पट्टी सोडायचा. तो हात धरून बसेल या अटीवर परिचारिका सोडू द्यायची. आईचा हात त्याच्या हातातून निसटून नळीकडं जायचा आणि तो परत खाली आणायचा. पुन्हा जायचा, पुन्हा आणायचा. शेवटी शेवटी जाईनासा झाला. वेळ संपली की परिचारिका येऊन पट्टी बांधायची. वाईट बाई नव्हती ती, बांधताना आईच्या मनगटाखाली रुमाल घडी करून ठेवायची. पण गाठ मारायची ती ढिली, वेडीवाकडी. आई बोलती असती तर त्या गाठीवरून तिने तिला पार उभी आडवी घेतली असती.

एका दुपारी धाकटी दोन्ही बाळांना घेऊन आली. त्यातल्या एकाच्या अंगात ते एका बाहीचं झबलं होतं. दुसरी बाही जोडायला घरात कुणाचा हात धजावला नव्हता, आणि ते पेटीत ठेवून देणंही कुणाला जमलं नव्हतं. धाकटीने ते बाळ आईच्या डाव्या बाजूला निजवलं. आईची बोटं बाळाच्या अंगावरून फिरत फिरत उघड्या खांद्यापाशी आली आणि तिथली कच्ची कड चाचपत राहिली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. बाळ कुरकुरलं. मधला म्हणाला, "आई, राहू दे, नंतर करू." आईने त्याच्याकडं पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर ती काही बोलली नाही. जंगलात चिकट्याची फळं संपली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, भेटीची वेळ व्हायच्या आधी आई गेली. जुळी तेव्हा तीन महिन्यांची होती.